दोन छाटण्या, एक पीक

जानेवारी सरत आला की दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूच्या टोपल्या लागतात. पावसाळ्याच्या शेवटाला त्याच जागी सीताफळांचे ढीग असतात. द्राक्षेही मिळतात, पण ती नाशिक भागातून क्रेटमध्ये भरून आलेली. तुघलकाच्या काळातल्या माणसाला याचे नवल वाटले असते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिले. त्याच्याच पदरी राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पुढे काही वर्षांनी इथे आला. किल्ला, बाजार, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वस्ती हे सगळे त्याने लिहून ठेवले, आणि त्यातच इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात हेही लिहिले.

ही एवढीशी नोंद माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होती. वाईनच्या लाल द्राक्षाबद्दल, विशेषतः शिराज या वाणाबद्दल, मी वाचत होते आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पुढे येत होती: थंड देशात ही वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे झोपत नाही. मग आपल्याकडे ती वाढते कशी, आणि तिच्याकडून चांगले फळ घेतात कसे? ते पाहायला मी मामांबरोबर निघाले. मामांची सारी नोकरी कृषी खात्यात, कन्नड आणि खुलताबाद तालुक्यांतल्या गावांत गेली. दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांत त्यांच्या ओळखी आहेत.

छावणी, पडेगाव, शरणापूर फाटा करत आम्ही सकाळी दौलताबादला पोचलो. किल्ला आमच्या संभाजीनगरातल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीपासून पाहिलेला असतो. या खेपेला आम्ही वर चढलोच नाही. मामा मला खंदकाच्या कडेला घेऊन गेले आणि कातळाचा उभा छेद दाखवला. वर वीतभर माती, तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम, मग फुटत चाललेला खडक आणि त्याखाली अखंड काळा बेसाल्ट. "बघ, पाणी इथं थांबतच नाही," मामा म्हणाले. "काळ्या रानात द्राक्षाची मुळं गुदमरतात. मुरमात ती खाली जागा शोधत जातात." या डोंगरउतारांवर एके काळी द्राक्ष का पिकले, याचे निम्मे उत्तर त्या छेदातच होते.

दख्खनेत जुन्या काळी होणाऱ्या द्राक्षांची नावे ऐकायलाही छान वाटतात: भोकरी, फकडी, हबशी, काळी साहेबी. वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवत, म्हणजे आधारही झाला आणि सावलीही. वर्षाला दोन बहार यायचे. पावसाळ्यातला आंबट आणि पाणचट, उन्हाळ्याच्या तोंडावरचा गोड. इब्न बतूताने पाहिले ते हेच असणार. विसाव्या अंशाच्या आसपासच्या या पठारावर कडाक्याची थंडी पडत नाही, त्यामुळे पानगळ होऊन वेल निजण्याचा प्रश्नच येत नाही. छाटली की फुटते. फुटली की, डोळ्यात घड असला, तर फळते.

आजचा बागायतदार वेलीच्या याच स्वभावाचा उपयोग उलट्या बाजूने करतो. तोही दोनदाच छाटतो, पण पीक एकच घेतो.

माळीवाड्यावरून लासूर, वैजापूर, येवला असा जुना नाशिक रस्ता आम्ही धरला. समृद्धी महामार्गाने लवकर पोचता येते, पण मामांना रान बघत जायचे होते. लासूरपर्यंत कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मधूनच हरभरा आणि कांदा. वैजापूरच्या अलीकडे-पलीकडे जिथे कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस. हा कालवा नांदूर-मध्यमेश्वरहून येतो. म्हणजे ज्या गोदावरीच्या खोऱ्यात नाशिकची द्राक्षे होतात, तिचेच पाणी इथे वैजापूर-गंगापूरच्या शेतांना मिळते, आणि उरलेले पैठणला जायकवाडीत जाते. या एका नदीवरून दोन प्रदेशांत किती वर्षे वाद चालला आहे, हे इकडच्या कुणाला सांगायला नको. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असा समन्यायी वाटपाचा दंडक आहे. नेमके त्याच सुमाराला नाशिकला द्राक्षाची फळछाटणी जोरात असते. आम्ही इकडे धरणाची टक्केवारी वाचत असतो आणि तिकडे बागेत कात्री चालू असते.

येवल्याच्या पुढे विंचूर. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्यानंतर इथल्या औद्योगिक वसाहतीत गोदावरी वाईन पार्क उभा राहिला. काही वर्षे भराभर वायनरी निघाल्या. मग २००८-०९ च्या मंदीत विक्री कोसळली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईन द्राक्षाच्या बागा मुळासकट काढून टाकल्या. वाईनचे द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही, ही त्यातली खरी मेख. बारीक मणी, जाड साल, आत बिया. टोपलीत ठेवले तर कुणी हात लावणार नाही. टेबलचे, म्हणजे खायचे द्राक्ष पडेल भावाने का होईना विकते, बेदाणा तरी होतो. याला एकच दार, ते म्हणजे वायनरीचे. पुढचे सगळे वाचताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

निफाडला थंडी बोचत होती. महाराष्ट्रात सर्वांत कमी तापमान कुठे, असे विचारले की हिवाळ्यात बहुधा निफाडचेच नाव पेपरात येते. पारा फार उतरला तर मण्यांची वाढ थांबते, साल तडकते, म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. दिवसा मात्र ऊन चांगले तापते. वाईनच्या द्राक्षाला हाच फरक हवा असतो: दिवसाच्या उन्हाने साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो.

दिंडोरी तालुक्यातल्या ज्या बागेत आम्ही उतरलो ती डोंगराच्या उतारावर, हलक्या जमिनीत होती. बागायतदार मामांपेक्षा वयाने लहान, त्यांना "साहेब" म्हणणारे. त्यांच्या पाच एकरांत शिराज आणि उरलेल्यात थॉमसन, हे टेबलचे द्राक्ष. दोन्ही बागा शेजारी असल्यामुळे फरक चटकन कळतो. थॉमसनचा मांडव आडवा पसरलेला, खाली गर्द सावली, घड वर लोंबलेले. शिराजच्या ओळी उभ्या तारांवर बांधलेल्या, दोन ओळींमधून ऊन थेट जमिनीवर पडत होते.

शिराजची वेल जोमदार, पण तिची फूट सरळ उभी राहत नाही, लवते. म्हणून तारांच्या जोड्यांमध्ये ती वरचेवर अडकवावी लागते. कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव असते आणि कडांना गुलाबी छटा. आठवडा-दोन आठवड्यांत तोडायला येणारे घड मी हातात घेऊन पाहिले. लांबट, गच्च भरलेले, मणी जवळजवळ काळे आणि थोडे लंबगोल, त्यावर निळसर धुरकट थर. मणी फोडला तर आत रस बिनरंगाचा. सगळा रंग सालीत. हे समजले की लाल वाईनच्या शेतीतले बाकीचे पुष्कळ काही समजते: मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त, तितका रंग आणि तुरटपणा जास्त. थॉमसनला मणी फुगवण्यासाठी जीए या संजीवकाच्या बुडवण्या देतात, घडाची विरळणी करतात, पाणी देतात. शिराजला यातले काही करायचे नाही, हेच मुळी तिचे तंत्र.

आता छाटणीची गोष्ट, जिच्यासाठी मी आले होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपर्यंत मागे घेतात. त्या छाटणीतून येणारी फूट ऐन उन्हाळ्यात वाढते, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, तिच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. या काळात ढगाळ हवामान राहिले किंवा पाने एकमेकांवर दाटली तर डोळे वांझ निघतात. पावसाळाभर काडी पिकते, हिरवी होती ती तपकिरी होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजेच फळछाटणी. थॉमसनच्या काडीवर घड वरच्या डोळ्यांत असतात, म्हणून काडी लांब राखावी लागते. शिराजचे बुडातले डोळेही फळतात, म्हणून दोन-तीन डोळ्यांवर आखूड छाटली तरी चालते. छाटल्यावर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात, कारण सगळे डोळे एकसारखे फुटावेत असा इशारा देणारी थंडी इथे नसते. युरोपात जे काम बर्फ करतो, ते इथे माणूस कात्रीने आणि कुंचल्याने करतो.

म्हणजे इब्न बतूताने पाहिलेला पहिला बहार आता कुणी धरत नाही. एप्रिलच्या फुटीकडून फळ न मागता केवळ काडी घडवून घेतात. आंबट, पाणचट पीक सोडून दिले म्हणून गोड पीक मिळते. दोन छाटण्यांमधला हा संयम मला या शेतीतले सगळ्यांत मोठे शहाणपण वाटते. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी ते या पठाराच्या हवेत, बाग बघत बघत कमावले आहे. फ्रान्सच्या पुस्तकात ते सापडत नाही.

शिराजची मूळ जमीन फ्रान्समधली, ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातली. इराणच्या शिराज शहरातून एका धर्मयोद्ध्याने ती तिकडे नेली, अशी गोष्ट फार दिवस सांगितली जात होती. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया आणि माँपेलिए इथल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, तेव्हा तिचे आईबाप निघाले द्युरेझा आणि मोंद्यूज ब्लांश, दोन्ही आग्नेय फ्रान्समधली साधी द्राक्षे. ऑस्ट्रेलियात हिच्या काड्या जेम्स बझबीने १८३२ मध्ये नेल्या. इराणशी नाते नसले तरी दख्खनशी शिराज शहराचे नाते जुने आहे. बहमनी सुलतानाने कवी हाफिजला शिराजहून दख्खनेत बोलावले होते, तो होर्मुझपर्यंत आला आणि वादळ पाहून परत फिरला, अशी हकीकत इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. कवी आला नाही. त्याच्या गावाचे नाव लावलेली फ्रेंच वेल मात्र सहाशे वर्षांनी आली आणि रमली.

रमली असे म्हणताना तिच्या खोडी सांगायला हव्यात. घड गच्च असल्याने आत ओल राहिली तर कूज होते. भुरी लागते. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस लांबला तर डाऊनी ही बुरशी पोंगा अवस्थेतच, म्हणजे फूट कोवळी असतानाच, घड खाऊन टाकते, त्यावर बोर्डो मिश्रणाचा फवारा अजूनही चालतो. पिठ्या ढेकूण आहेच. आणि तोडणी लांबली तर शिराजचे मणी वेलीवरच सुकू लागतात, वजन घटते, साखर वाढल्याचा भास होतो.

खुंटाचा, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्याचा, प्रश्न त्याहून मोठा. क्षारपड आणि कमी पाण्याच्या जमिनींसाठी महाराष्ट्रात डॉगरिज हा अमेरिकन खुंट घराघरांत गेला. टेबलच्या द्राक्षाचे त्याने भले केले. पण तो जमिनीतून पालाश फार उचलतो, वेलीला अति जोम देतो, आणि वाईनच्या द्राक्षात रसाचा सामू वाढतो. सामू वाढला की लाल वाईनचा रंग टिकत नाही आणि ती टिकवायलाही अवघड जाते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यावर बरेच काम झाले आहे, आणि वाईनसाठी ११०-आर खुंटाची शिफारस त्यातूनच पुढे आली. या बागायतदारांच्या जुन्या दोन एकरांना डॉगरिज आहे, नव्या तीन एकरांना ११०-आर. दोन्हीकडचे मणी मी खाल्ले. नव्या ओळींतला आंबटपणा जिभेवर स्पष्ट जाणवला.

"पाणी उतरलं की आम्ही पाणी तोडत आणतो," ते सांगत होते. मण्यात पाणी उतरणे म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरू लागणे. "बंद नाही करत. शिराज पाण्याची काटकसर करत नाही. इतर वाण पान मिटून घेतात, ही उघडीच राहते. एकदम तोडलं की पानं गळतात आणि मणी सुरकुततो." मामांनी हे वहीत उतरवून घेतले. मला वाटते, मराठवाड्याने या पिकाकडे बघताना हेच वाक्य आधी वाचावे. कमी पाण्याचे पीक म्हणजे बिनपाण्याचे पीक नव्हे. थोडेच, पण खात्रीचे पाणी लागते.

तोडणी पहाटे होते, उजाडायच्या आत. डोक्याला दिवे लावलेल्या बायका ओळींतून सरकत जातात. कात्री, क्रेट, पुन्हा कात्री. दुपारच्या उन्हात तोडलेला माल वायनरीत पोचेपर्यंत तापतो आणि नको तिथे आंबायला लागतो. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, साडेतेवीसच्या आसपास आले, बिया तपकिरी झाल्या, साल चावल्यावर कच्चा तुरटपणा गेला की तारीख ठरते. एकरी चार-पाच टनांच्या वर जायचे नाही, असे वायनरीने बजावलेले. शेजारच्या थॉमसनला त्याच्या दुप्पट माल निघतो. म्हणून भावाचा करार निम्म्या मालावर पोट भरेल असा हवा.

वायनरीत देठ वेगळे करून मणी फोडतात आणि रस सालींसकट टाकीत जातो. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातून अनेकदा खालच्या रसाने भिजवावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही आणि वर आंबूस वास धरतो. नाशिकची आजची वाईन म्हटले की राजीव सामंतांच्या सुलाचे नाव निघते. तिथे सुरुवात पांढऱ्या वाईनपासून झाली, लाल मागून आली, आणि दिंडोरी रिझर्व्ह शिराजने या भागातल्या वाणाला ओळख दिली. आम्ही पाहिली ती वायनरी पुष्कळ लहान होती. तिथल्या तरुण वाईनमेकर मुलीने मला आणि मामांना पिपातली मागच्या वर्षीची शिराज वास घ्यायला दिली. मला पिकलेल्या जांभळासारखा वास आला आणि मागाहून काळ्या मिऱ्याचा. मामांना मिरे काही केल्या येईना. ती म्हणाली की मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या एका द्रव्याचा असतो, खऱ्या मिऱ्यातही तेच असते, आणि पाचातल्या एका माणसाच्या नाकाला ते जाणवतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराजमध्ये शोधून काढले. गार जागी ते अधिक तयार होते. आपल्याकडे मिरे कमी आणि फळाचा वास जास्त, तो यामुळे. मला हा फळाचा वास आवडला. ऱ्होनची नक्कल करण्यापेक्षा दख्खनच्या शिराजने आपल्यासारखेच लागावे.

परतताना आम्ही फार बोललो ते मराठवाड्यावर. आमच्याकडे द्राक्ष होत नाही, असे कुणी म्हणू नये. संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना कडवंची लागते. पाणलोटाची कामे, शेततळी आणि त्यावर उभ्या द्राक्षबागा, हे त्या गावाने करून दाखवले आहे, आणि तेही इथल्याच पावसावर. प्रश्न वाईनच्या द्राक्षाचा. घरात वाईन हा शब्द काढला तर आमच्याकडे अजून माळकरी मंडळी उठून जातात, आणि त्यांचा मान मी राखते. पण शेतकऱ्याने काय पिकवावे हा हिशेब पाण्याचा आणि जमिनीचा आहे. जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि खुलताबाद-कन्नडच्या उतारावरचा मुरूम नुसता पडून राहतो. त्या मुरमावर एखाद-दोन एकर शिराज, उन्हाळा निभावेल असे शेततळे आणि फेब्रुवारीतच उरकणारी तोडणी, हे मला करून पाहण्याजोगे वाटते. तोडणी लवकर उरकणे महत्त्वाचे, कारण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने इथल्या बागांची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिले आहे.

मामा इतक्या लवकर हो म्हणणारे नाहीत. वैजापूरला चहा घेताना त्यांनी वहीत क्रम लिहिला. आधी वायनरीशी लेखी करार, किमान दहा वर्षांचा, टनाचा आणि भावाचा. मग पाण्याची तपासणी, क्षार किती ते पाहायला. मग मातीची, तीन फुटांपर्यंतची. मग खुंट. कलमे सगळ्यांत शेवटी. खुलताबादच्या घाटावर त्यांच्या एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याचे पडीक रान आहे, त्याला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि सोमवारी विहिरीतले पाणी बाटलीत भरून तयार ठेवायला सांगितले.